माझ्या मापाची सायकल

वडिलांच्या पश्चात त्यांची 24 इंची सायकल मी मोठ्या ममतेने चालवू लागलो. ते उंचापुरे होते, मी ठेंगणा. एकदा चौकात अचानक थांबावे लागले, पाय जमिनीला टेकले नाहीत आणि मी दांडीवर आदळून पडलो.

दुकानदाराने मला अनवाणी भिंतीशी उभे करून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. ते 75 सेंटिमीटर भरले. त्याला 0.66 ने गुणून त्याने सुमारे 50 सेंटिमीटरची फ्रेम सुचविली. वडिलांची 61 सेंटिमीटरची होती. तो म्हणाला, “सीट वरखाली करता येते, काका, फ्रेम नाही.”

वडिलांची सायकल आता माझा उंच पुतण्या चालवितो. तिची घंटा मात्र मी माझ्या सायकलीला लावून घेतली आहे.