सुईच्या छिद्रातून

इ. स. १८९० मध्ये जॉर्ज डेव्हिसन या इंग्रज छायाचित्रकाराने कांद्याच्या एका शेताचे छायाचित्र घेतले. समोर कांद्याचे पीक, मागे शेतावरची घरे, वर आभाळ. विषय अगदी साधा; पण त्यावरून मोठा वाद माजला. कारण डेव्हिसनने कॅमेऱ्याला भिंगच लावले नव्हते! भिंगाच्या जागी होते एक बारीकसे छिद्र. चित्रात कोठेही तीक्ष्ण रेघ नव्हती, आणि ते छापलेही होते खरखरीत कागदावर. रेखीवपणा हाच छायाचित्राचा धर्म मानणाऱ्यांना हे कसे रुचावे?

तरीही आज काही छायाचित्रकार हौसेने तीच वाट धरतात. त्यांचा कॅमेरा मोठा असतो. तिपाईवर पुढे एक फळी, मागे दुधी काच आणि दोहोंना जोडणारा, लोहाराच्या भात्यासारखा, घड्याघड्यांचा काळा भाता. पुढच्या फळीतले मोलाचे भिंग काढून तेथे पातळ पत्रा बसवायचा. त्याला भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. ते मोठे झाले तर प्रतिमा पसरते. फारच बारीक केले, तर प्रकाश कडेवर वाकतो आणि प्रतिमा पुन्हा अंधुक होते.

भिंगाला एक खोड असते. ते एका अंतरावरची वस्तू ठळक करते आणि बाकीच्यांना धूसर करून टाकते. जणू बोट दाखवून 'इकडे पाहा' म्हणते. सूचिछिद्राजवळ असा पक्षपात नाही. पायाजवळचे गवत आणि क्षितिजावरचा डोंगर, दोन्ही त्याला सारखेच. मग नको ते झाकावे कसे? त्यासाठी छायाचित्रकाराला स्वतःच चार पावले सरकावे लागते. भाता मिटला की दृश्याचा पट विस्तारतो. ताणला की आकुंचित होतो. झाडाचा शेंडा तुटत असेल, तर पुढची फळी तेवढी वर सरकवायची. कॅमेऱ्याने मान उंचावलेली नसते, म्हणून घरांच्या भिंती चित्रात कलत नाहीत.

हे सारे करायचे ते मात्र जवळजवळ अंधारात! डोक्यावर काळे फडके ओढून दुधी काचेत कितीही डोकावले, तरी छिद्रातून येणाऱ्या क्षीण प्रकाशात फारसे काही दिसत नाही. शहाणे लोक आधी भिंग लावून रचना पाहून घेतात आणि मग छिद्र बसवतात. इतरांचा भरवसा अदमासावर.

भिंगाने जो देखावा सेकंदाच्या शंभराव्या भागात टिपला असता, त्याला येथे तीनचार सेकंद लागतात. सांज झाली की कित्येक मिनिटे. तोवर बागेच्या वाटेवरून दहा माणसे घाईघाईने निघून जातात. चित्रात त्यांचा मागमूसही उरत नाही. बाकावर काठी टेकून स्वस्थ बसलेला म्हातारा तेवढा उमटतो.