भोकं पडलेलं पान

नाल्याकाठच्या बोरी-बाभळींवर गुलाबी झालर पसरलेली दिसली की पाय थबकतातच. आइस्क्रीमची वेल म्हणतात हिला. मूळची मेक्सिकोची. बंगल्यांच्या फाटकांवर शोभेला चढवली आणि कुंपण ओलांडून टेकडीला लागली. वर्षातले बहुतेक महिने फुललेली, मधमाश्यांची सारखी वर्दळ. राग यावा असं वरून काहीच दिसत नाही. त्यासाठी झालर उचलून आत डोकवावं लागतं. आत बोरीच्या फांद्या वाळून कोळ झालेल्या असतात. तिथवर ऊन पोचलेलंच नसतं.

तसं वेलीनं झाडावर चढावं यात गैर ते काय? आपली गुळवेल चढते, हिरणदोडी चढते, सापसणही चढते. पण हिरणदोडीचं पान हातात घ्यावं, तर ते बरेचदा भोकं पडलेलं निघतं. उलटं केलं की पांढुरक्या अंगावर काळे पट्टे ओढलेली अळी मन लावून खाताना सापडते. पुढे तिचंच ब्लू टायगर फुलपाखरू होतं. सापसणीवर क्रिमझन रोझच्या अळ्या पोसतात. वेल वाढते, अळी कुरतडते आणि खालच्या झाडाला उन्हाचा कवडसा मिळतो. आइस्क्रीमच्या वेलीचं बदामी पान मात्र बहुधा कोरंकरकरीत. ती इकडे आली, तिला खाणारे तिकडेच राहिले.

मिकानियाचंही तेच. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची ही वेल आसामच्या चहामळ्यांत आणि केरळच्या बागांत बोकाळली. नेपाळच्या चितवनात गेंड्यांच्या चाऱ्यावर पसरली. छाटावी, तर पडलेल्या तुकड्याच्या पेरांना मुळं फुटतात. शेवटी तिच्या मुलखातला तांबेरा आणून २००५ मध्ये आसामात आणि २००६ मध्ये केरळात सोडला. पापुआ न्यू गिनीत तो रुजला, आपल्याकडे टिकला नाही.

आणि आपण? रोपवाटिकेत पहिला प्रश्न विचारतो, ‘हिला कीड नाही ना लागत?’ ‘अजिबात नाही’ म्हटलं की खूश!

आइस्क्रीमची वेल नुसती ओढली तर हाती फक्त झालर येते. कंद जमिनीत राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा कोंब काढतात. कुदळ घेऊन खणावंच लागतं. मोकळ्या झालेल्या जागी हिरणदोडी लावावी. तिची पानं फाटकी होतील, शेजारी औषध सुचवतील. फवारायचं नाही, एवढंच.