अब्बांचा पडदा

अब्बा तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. कॅसेटच्या आत एक पांढरा पडदा असे. क्ष-किरण पडले की तो निळसर उजळायचा आणि त्या उजेडानेच फिल्मवर हाड उमटायचं. तो पडदा कॅल्शियम टंगस्टेटचा, हे मला कळलं ते थेट हॅम्बुर्गला, संशोधनासाठी गेल्यावर. तिथे त्याच पदार्थाचा स्फटिक माझ्यासमोर होता.

फ्लॅश नावाच्या लेसरमधून काही फेमटोसेकंदांचे स्पंद येत. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेमटोसेकंद. हे टोकाचे अतिनील किरण हवा गिळून टाकते, म्हणून सगळा खेळ निर्वात नळीत. स्पंद आदळला की स्फटिक उजळतो आणि विझत जातो. या स्फटिकाचा विझण्याचा काळ एरवी साधारण 9 मायक्रोसेकंद.

माझ्या आलेखात मात्र उजेड सुरुवातीलाच झपकन खाली आला. नवीन काही सापडलं, या आनंदात मी रातोरात सरांना ईमेल केला आणि अब्बांना फोन. अब्बा एवढंच म्हणाले, "बेटा, फिल्म ओली असताना निदान सांगू नये."

दुसऱ्या दिवशी स्पंदांची ताकद कमी करून पाहिली. उतार सौम्य झाला. आणखी कमी केली, तर नेहमीची रेघ! हे किरण स्फटिकाच्या अगदी वरच्या थरातच जिरतात. स्पंद जोरदार असला की उत्तेजित कण तिथे दाटीवाटीने जन्मतात, शेजाऱ्याला ऊर्जा देऊन बसतात आणि प्रकाश न देताच संपतात. गर्दी ओसरली की उरलेले आपल्या गतीने विझतात. म्हणजे तो वेग गर्दीचा होता, स्फटिकाचा स्वभाव नव्हता. इतरांनी हे आधीच छापलं होतं, मी वाचलं नव्हतं. सरांना दुसरा ईमेल लिहिताना बोटं जड झाली होती.

अब्बांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "म्हणजे माझा पडदाही कमी उजेड देत होता का? इतक्या लोकांची हाडं पाहिली मी त्यावर."

"नाही अब्बा. तुमच्या मशीनचे किरण फार विरळ. तिथे गर्दी होतच नाही."

"अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले, आणि मग जेवलास का ते विचारलं.