चार बोटं जागा

गाडी घेऊन दोन वर्षं होतील आता. व्हर्टस जीटी, दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस. ईएमआयच्या तारखेला पोटात गोळा येतो, पण शीळफाट्याच्या पुढे जरा मोकळा रस्ता मिळाला की सगळं माफ. तक्रार एकच. रविवारी गाडी धुवायची, दोन पावलं मागे सरकून बघायचं, आणि टायर नि मडगार्डच्या मध्ये चार बोटं जागा दिसते. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही.

तर गेले तीन महिने डोक्यात एकच विषय, लोअरिंग स्प्रिंगा. कंपनीच्या स्प्रिंगा काढायच्या आणि त्याजागी आखूड, जरा कडक स्प्रिंगा टाकायच्या. गाडी २५ ते ४० मिलिमीटर खाली बसते, वळणावर कमी झुकते, आणि दिसते... ते सोडा, विषय वाढेल.

पहिला सल्ला उल्हासनगरात मिळाला. कॅम्प चारमधल्या एका मिस्तरीने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "नवीन कशाला घेता साहेब? आहे त्यातलाच एक वेढा कापून देतो. दोन तासांत गाडी घेऊन जा." फाळणीनंतर रिकाम्या लष्करी छावणीत राहायला आलेल्या लोकांनी हे गाव उभं केलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकतच आम्ही मोठे झालो. इथे "नाही होणार" असं उत्तर कुणी देत नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबांनी अंबरनाथच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "टोकाचा वेढा बैठकीत बसावा म्हणून मुद्दाम तसा वळवलेला असतो. तोच कापलास तर स्प्रिंग बसणार कुठे?" पुढे म्हणाले, "आणि वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. आठातला एक गेला तर किती, ते तूच काढ. इंजिनीअर आहेस ना?"

काढलं. आठाचे सात केले तर कडकपणा साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. तो वाढायलाच हवा म्हणा, कारण गाडी खाली आली की चाकाला वर यायला तेवढी जागा कमी उरते. तीच मऊ स्प्रिंग ठेवली तर प्रत्येक खड्ड्यात रबरी बंप स्टॉपवर दणका. पण कडक स्प्रिंगेला आवरायला शॉकअपही तसेच लागतात. कंपनीचे शॉकअप जुन्या स्प्रिंगेच्या मापाने केलेले. म्हणजे स्प्रिंगांचा खर्च हा फक्त स्प्रिंगांचा नाही. शॉकअप आले, नवीन माउंटिंग आलं, अलाइनमेंट आली.

मग आम्हा आयटीवाल्यांना जे जमतं ते केलं. स्प्रेडशीट! आयबाक, एच अँड आर, कोब्रा, सगळ्यांची नावं एका रांगेत, पुढे किती मिमी खाली, कडकपणा एकसारखा की दाबाबरोबर वाढणारा, असं सगळं. एक हिशेब मात्र मलाच गार करून गेला. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साडेपाचशे मिमीवर धरला आणि गाडी ३० मिमी खाली आणली, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन जेमतेम पाच-साडेपाच टक्क्यांनी कमी होतं. "गाडी रुळावर धावते" असं लोक सांगतात, त्यातलं बरंचसं कडकपणामुळे असतं, खाली आल्यामुळे नाही.

कायद्याचंही वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. "स्प्रिंगची उंची आरसी बुकात कुठे असते?" अशी पळवाट मित्र काढतात. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरपुढे ती चालेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

तरीही मन २५-३० मिमीवर अडून बसलं होतं. मग टेप घेऊन खाली उतरलो.

कंपनी सांगते ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी. घरचे चौघं बसल्यावर मी मोजलं तर १५० च्या आसपास. आता ब्रेकर. इंडियन रोड काँग्रेसच्या १९८८ च्या सूचनांमधला ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा, ताशी २५ किमीने पार करण्यासाठी. माझ्या गाडीच्या दोन चाकांत अंतर २.६५ मीटर. अशा ब्रेकरवर चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, त्यामुळे मधला उंचवटा पोटाखाली जेमतेम पाच सेंमी येतो. गाडी ४० मिमी खाली असली तरी आरामात निघेल.

आमच्या सोसायटीच्या गेटसमोरचा ब्रेकर ५० सेंमी रुंद आणि १३५ मिमी उंच आहे. पुढची चाकं उतरली की अख्खा ब्रेकर पोटाखाली! आत्ता चौघांनिशी बोटभर जागा उरते. ३० मिमी काढले तर चेंबर घासणार. आणि बदलापुरात असे ब्रेकर गल्लोगल्ली. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. जुलै २०१९ मध्ये इथून पुढे वांगणीच्या बाजूला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. तिच्यापुढे माझ्या सेडानची काय कथा?

मित्र म्हणाला, "कागदावर काय मोजतोस? माझी ने रविवारी." त्याचीही हीच गाडी, ३० मिमी खाली केलेली. घेतली. आईला गाडी लागते म्हणून ती पुढे, बाबा आणि बायको मागे, निघालो अंबरनाथच्या शिवमंदिराला.

गाडी झकास चालली, खोटं कशाला बोलू? रिकाम्या पट्ट्यात स्टीअरिंगला असा काही जीव आला की मी मनातल्या मनात ऑर्डर देऊन टाकली. ब्रेकर मात्र तिरके घ्यायचे, एकेक चाक करून. खरवडल्याचा आवाज येतो का, म्हणून कान टवकारून हळू चालवत होतो. सहज आरशात नजर गेली.

प्रत्येक ब्रेकरच्या आधी बाबा खिडकीवरचं हँडल धरत होते. हे मी माझ्या गाडीतही बघितलंय. मला वाटायचं, माझ्या स्पीडला घाबरतात. त्या दिवशी स्पीड दहाचा होता. तेव्हा नीट दिसलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. ते हाताने स्वतःला सीटवरून किंचित उचलून धरत होते, दणका कमरेत जाऊ नये म्हणून.

देवळापाशी उतरल्यावर विचारलं, "बाबा, त्रास होतो का?"

"गाडी चांगली आहे रे," ते म्हणाले. "फक्त ब्रेकर आला की आधी सांगत जा."

रात्री स्प्रेडशीट बंद केली. पैसे चांगल्या टायरमध्ये आणि अलाइनमेंटमध्ये घातले, स्प्रिंगा कंपनीच्याच राहिल्या. फार मोठा त्याग केला असं काही नाही. गाडी वर्षातले अडीचशे दिवस मी एकटा चालवतो, आणि त्या अडीचशे दिवसांत ती ३० मिमी खाली असायला हवी होती असं मला अजून वाटतं. पण सोमवार ते शुक्रवारची एक आणि रविवारची वेगळी, अशा स्प्रिंगा मिळत नाहीत. तुमची गाडी खाली करायची असेल तर जरूर करा, फक्त मागच्या सीटवर रोज कोण बसतं ते आधी बघा आणि घरासमोरचा ब्रेकर मोजा.

चार बोटं जागा अजून दिसते. मी आता ब्रेकरच्या जरा आधी "बाबा, ब्रेकर" म्हणतो. परवा एकटाच ऑफिसला जाताना काटई रोडलाही म्हणालो!

असो. उद्या सोमवार. सव्वासातला निघायचंय.