आमची औषधांची पिशवी

प्रवासास निघण्याचे ठरले की आमच्या घरी दोन पक्ष पडतात. औषधे बरोबर न्यावीत याविषयी दुमत नसते. ती किती जागेत मावावीत, एवढाच वाद. सौभाग्यवतींच्या मते जी जी दुखणी संभवतात त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र डबी हवी. आमच्या मते चष्म्याच्या जुन्या घरात मावेल तेवढी चिकित्सा गृहस्थास पुरेशी आहे. हा मितव्यय साधण्यासाठी आम्ही एक युक्ती काढली होती. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कातरून प्रत्येक औषधाच्या दोन-दोन गोळ्या तेवढ्या घ्यावयाच्या. अनेक वर्षे आम्ही असाच प्रवास केला. आणि त्या गोळ्यांची गरज कधी पडली नाही, म्हणून युक्ती निर्दोष आहे असे मानीत राहिलो. परीक्षा न घेताच उत्तीर्ण करण्याचा हा प्रकार प्राध्यापकास शोभणारा नव्हता.

परीक्षेचा दिवस अखेर आला. आम्ही रात्रीच्या गाडीने कोकणात जात होतो. समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ व त्यांची कन्या होती. मध्यरात्रीच्या सुमारास त्या गृहस्थांच्या छातीत कळ येऊ लागली. कपाळावर घाम डवरला. मुलीने 139 क्रमांकावर कळविले. पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर येतील असे उत्तर आले. तिने आपल्या परिचयातील डॉक्टरांनाही फोन लावला. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारून सांगितले की, ॲस्पिरिनची एक गोळी मिळाल्यास चावून खावयास द्या. मुलगी आमच्याकडे वळली. "काका, तुमच्यापाशी आहे का हो?"

"आहे," असे आम्ही मोठ्या अभिमानाने म्हणालो आणि चष्म्याचे घर उघडले.

त्यात कातरलेले तुकडे होते. गोळ्या बहुतेक सर्व पांढऱ्या व वाटोळ्या. एका तुकड्यावर औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरे, दुसऱ्यावर किमतीचा अर्धा आकडा, तिसऱ्यावर काहीच नाही. मुदतीची तारीख घरच्या खणात राहिली होती. यांतच आमच्या रक्तदाबाची गोळीही होती. ती त्या वेळी त्यांच्या पोटात गेली असती तर अनर्थ ओढवू शकला असता. "ही असावी," असे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले. विध्यर्थी क्रियापदाने तर्क व्यक्त होतो, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु तर्काने औषध देता येत नाही. "खात्री नाही," असे आम्ही म्हणालो. मुलीने आमच्याकडे क्षणभर पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता, आणि तेच अधिक झोंबले. ती डब्यात धावत गेली. चार बाकांपलीकडे एका प्रवाशापाशी अखंड पट्टी निघाली. स्थानकावर डॉक्टर आले. गृहस्थांना स्ट्रेचरवरून उतरविले, तेव्हा त्यांनी मुलीचा हात घट्ट धरला होता, एवढेच आम्ही पाहिले.

उरलेली रात्र आम्ही जागून काढली. आमच्या आजीचा बटवा डोळ्यांपुढे येत होता. त्यातील एकाही वस्तूवर चिठ्ठी नव्हती. वेखंड वासाने ओळखू येई, मुरडशेंग पिळावरून, जायफळ उगाळताच. वस्तूच आपले नाव सांगे. तथापि आजी गेल्यावर त्याच बटव्यातील दोन-तीन पुड्या काय आहेत व कोणास द्यावयाच्या, हे घरात कोणासही सांगता येईना. बटव्याची अर्धी चिठ्ठी आजीच्या स्मरणात होती. ती तिच्याबरोबर गेली. आमच्या गोळ्यांना तर वास नाही, पीळ नाही. छापील नाव व तारीख हीच त्यांची ओळख, आणि तीच आम्ही कातरून टाकीत होतो.

तेव्हापासून पिशवी मोठी झाली. पट्ट्या अखंड असतात. मलमपट्टी, निर्जंतुक गॉज, काटा काढण्याचा चिमटा वगैरे नेहमीचा सरंजाम आहेच. क्षार-साखरेच्या पुड्याही आहेत. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले, त्याच तत्त्वाची ही पुडी. पण मोठी पुडी एक लिटर पाण्यात घालावयाची असते. ती कोणी पेलाभर पाण्यात कालविली तर उपायाचा अपाय होईल. म्हणून ते छापील वाक्यही पुडीइतकेच औषध आहे.

सर्वांत वर एक पुठ्ठा असतो. त्यावर कोणती गोळी कशासाठी, आम्ही रोज काय घेतो, आम्हांस पेनिसिलिन चालत नाही, आणि मुलाचा फोन क्रमांक, हे सुवाच्य अक्षरात लिहिले आहे. पिशवी ट्रंकेत न जाता उशाशी असते; दर दिवाळीस तारखा पाहून जुन्या गोळ्या काढल्या जातात.

हा खटाटोप पाहून सौभाग्यवतींनी एकदा विचारले, "आपलीच औषधे, ती आपणांस ठाऊक नाहीत का?" ठाऊक आहेत. परंतु जेव्हा ही पिशवी खरोखर उघडावी लागेल, तेव्हा ती आम्हीच उघडू, याचा काय भरवसा? कदाचित त्या वेळी आम्हांस बोलताही येणार नाही, आणि कोणा परक्याची मुलगी कंदीलभर उजेडात तो पुठ्ठा वाचीत असेल. तिला तरी "असावी" असे म्हणावे लागू नये.