थाळनेर : आमच्या तालुक्यांतील राजधानी

राजधानी म्हटली कीं आम्हां विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें मुंबई उभी राहते; फार तर दिल्ली. परंतु सकाळीं शिरपुराहून निघून दिवेलागणीस घरीं परत येतां येईल अशी एक राजधानी आपल्याच तालुक्यांत आहे. आपल्यापैकीं कितीजणांनीं ती मुद्दाम जाऊन पाहिली असेल?

गेल्या दिवाळीस माझे थोरले बंधु पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आले होते. त्यांची तेथील नोकरी नुकतीच कायम झाली होती. आतां नानांनीं शेत बटाईनें द्यावें आणि आजीला घेऊन पुण्यास राहावयास यावें, असा त्यांचा आग्रह चालला होता. नाना "पाहूं" म्हणत. आजी तर कांहींच बोलत नसे. त्यांतच माझ्या धाकट्या भावानें "दादा, मला मुंबई दाखव" असा हट्ट धरला. तेव्हां नाना म्हणाले, "मुंबई राहूं दे. उद्यां तुला जवळची राजधानी दाखवितों. सगळेच चला."

थाळनेर तापीच्या उत्तर तीरावर आहे. सकाळच्या एस. टी. नें आम्ही निघालों. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस कपाशी फुटली होती व वेचणीची घाई दिसत होती. आम्ही पोहोंचलों तों धाकट्यानें इकडे तिकडे पाहिलें आणि विचारलें, "नाना, राजधानी कोठें आहे?" त्याचें तरी काय चुकलें? समोर एक मोठें गांव, त्याची बाजारपेठ, आणि नदीच्या कांठावर ढासळलेल्या तटाचा किल्ला, एवढेंच दृष्टीस पडत होतें.

किल्ल्याची एक बाजू सरळ तापीवरच उभी आहे. पूर्वीं आंत जाण्याच्या वळणावळणाच्या वाटेवर एकामागून एक पांच दरवाजे होते. २७ फेब्रुवारी १८१८ या दिवशीं सर टॉमस हिस्लॉप याची इंग्रज फौज येथें आली. त्यापूर्वीं सुमारें सात आठवडे झालेल्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं हा मुलूख सोडून दिला होता. तरी किल्लेदार तुळशीराम मामा व त्याचे अरब शिबंदीचे लोक किल्ला धरून बसले. शेवटच्या दरवाजाची दिंडी उघडून मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे थोड्या शिपायांसह आंत गेले, आणि तेथें ते मारले गेले. मग सारी शिबंदी कापली गेली व किल्लेदारास फांशी देण्यांत आलें. दगा झाला, कीं एकमेकांची भाषा न समजल्यानें घोटाळा झाला, यावर पुढें पुष्कळ वाद माजला. विलायतेच्या पार्लमेंटांतहि या फांशीची चर्चा झाली. नानांचें मत असें, कीं धन्यानें सोंपविलेली जागा त्यानें राखली. दादा म्हणाले, "तह झाल्यावर लढून काय मिळालें? तीनशें माणसें फुकट गेलीं." मला दोघांचेंहि पटत होतें. तटावरून खालीं तापीचें संथ पाणी पाहत आम्ही बराच वेळ उभे होतों.

एका निंबाच्या सावलींत आईनें शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी, वांग्याचें भरीत आणि ठेचा. जेवतां जेवतां नानांनीं मलिक राजाची हकीकत सांगितली. फिरोजशहा तुघलक शिकारींत आपल्या लोकांपासून चुकला व भुकेनें व्याकुळ झाला. त्या वेळीं मलिक राजानें त्यास जेवूं घातलें, असें फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. त्या मलिक राजास बादशहाकडून १३७० सालीं थाळनेर आणि करवंद यांची जहागीर मिळाली, व तेथून खानदेशाचें फारुकी घराणें सुरू झालें. "करवंद? आपल्या धरणाचें करवंद?" धाकटा ओरडला. एवढें ऐकल्यावर मात्र त्याला ही राजधानी खरी वाटूं लागली. "मग बादशहाला काय वाढलें होतें?" त्यानें विचारलें. आई म्हणाली, "भुकेल्याला काय, भाकरीच."

जेवणानंतर आम्ही फारुकी राजांचे मकबरे पाहावयास गेलों. त्यांतील एक अष्टकोनी असून त्याच्या भिंतींवर दगडांत सुरेख नक्षी कोरलेली आहे. एवढें कोरीव काम आमच्या इतक्या जवळ असेल, अशी माझी कल्पना नव्हती. ऊन, पाऊस आणि दुर्लक्ष यांनीं त्याची झीज झाली आहे. तरी हात फिरवून पाहिला तर वेली बोटांस लागतात. आजीनें पदर सांवरून हात जोडले.

तिला दादांनीं पुढील वृत्तांत समजावून सांगितला. मलिक राजा १३९९ सालीं वारला. त्याचा मुलगा नासीरखान यानें असीरगड घेतला आणि तापीच्याच कांठीं, वरच्या अंगास, बुऱ्हाणपूर शहर वसविलें. खुलताबादचे साधु बुऱ्हाणुद्दीन यांच्या नांवावरून तें नांव पडलें. पुढें राजधानी तिकडे गेली, पेठा वाढल्या, व्यापार वाढला, आणि थाळनेर मागें पडलें. अखेर १६०१ सालीं असीरगड अकबराच्या हातीं गेला व फारुकी राज्य संपलें.

"मग हे मकबरे कोणाचे?" आजीनें विचारलें.

"मलिक राजाचा, नासीरखानाचा, त्याच्या मुलाचा आणि नातवाचा. पहिले चारहि राजे येथेंच आहेत."

"नवें शहर वसवूनहि?"

"हो. १४५७ सालपर्यंत येथेंच आणून पुरीत."

आजीनें मान हलविली. नाना दुसरीकडे वळून नक्षी पाहूं लागले. दादांनीं आणखी कांहीं सांगण्यास सुरुवात केली होती, तें तसेंच राहिलें.

उन्हें कलल्यावर आम्ही थांब्यावर येऊन बसलों. धाकटा आपल्या वहींत मकबऱ्याच्या आठ बाजू मोजून काढीत होता. त्या कधीं सात होत, कधीं नऊ. आजी दादांजवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "कां रे, पुण्याहून शिरपूर किती लांब?"

"रात्रभराचा प्रवास, आजी. सकाळीं पोहोंचतों."

"बरें," ती म्हणाली, आणि एस. टी. येते कीं काय तें पाहूं लागली.