बाहुलीला उत्तर येत नाही म्हणून



'गल्ली गल्ली सिम सिम' आठवतं का? अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'चा हा आपला अवतार २००६ साली टीव्हीवर आला. त्यातली शाळेच्या गणवेशातली चमकी म्हणजे माझ्या लेकीची मैत्रीणच.

लेक शाळेत तोंड उघडायची नाही. बाईंनी विचारलं की मान खाली. पण चमकी अडली, की पडद्याजवळ जाऊन मोठ्याने सांगायची. चमकीचा प्रश्न हिंदीत, हिचं उत्तर मराठीत!

मला वाटतं, बाहुलीची ओढ यातच आहे. मोठ्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, ते नुसती परीक्षा घेतात, हे पोरं बरोबर ओळखतात. बाहुलीला मात्र शिकवावं लागतं. तिथे चुकलं तरी लाज नाही. (लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा आठवतो ना? तो रामदास पाध्यांचा. पापड विसरून पोरं त्यालाच बघायची.)

पाटणच्या पावसात वीज गेली की टीव्ही बंद. मग मी जुन्या पायमोज्याला दोन बटणं शिवली. त्या मोज्याला सातचा पाढा काही केल्या येईना. लेक रोज त्याच्याकडून घोकून घ्यायची. बाईंसमोर बोलायला तिला आणखी वर्ष लागलं.